थंडीत पुढच्या चाकातून खरखर येते? ट्रक आदल्या रात्रीच आणून लावा

ऑन्टारियोत पारा शून्याखाली गेला की फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रक चालवणाऱ्या आपल्या गॅरेजच्या ग्राहकांचा एकच प्रश्न येतो: सकाळी निघताना पुढच्या चाकात खडी भरल्यासारखी खरखर होते, पंधरा-वीस मिनिटांत आपोआप थांबते, म्हणजे बेअरिंग गेलं का? बहुतेक वेळा बेअरिंग ठणठणीत असतं. दोष व्हॅक्यूमचा, म्हणजे नळ्यांमधून हवा ओढून तयार होणाऱ्या ओढीचा असतो.

२००४ पासूनच्या बहुतेक फोर-व्हील-ड्राइव्ह एफ-१५० मध्ये पुढच्या प्रत्येक चाकापाशी आतून दाते असलेली एक सरकती रिंग आहे. ती पुढे सरकली की अॅक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) चाकाला जोडला जातो. लोकांची गफलत इथेच होते. जोडण्याचं काम स्प्रिंग करते. व्हॅक्यूमचं काम रिंग मागे ओढून धरण्याचं. म्हणजे टू-हायमध्ये (फक्त मागची चाकं ओढत असताना) चालताना व्हॅक्यूम सतत लागतो. तो पूर्ण गेला तर हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) नीट जोडला जातो आणि आवाज होत नाही. अर्धवट गेला तर रिंग अधांतरी राहते आणि दात दातांवर घासतात. ती खरखर हीच.

थंडीशी संबंध पाण्याचा. चाकांकडचा व्हॅक्यूम चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, म्हणजे सोलेनॉइड, बॅटरीजवळ, केबिनच्या भिंतीवर बसवलेला असतो. जुन्या मॉडेलांत वरच्या काउलमधून (पुढच्या काचेखालच्या पट्टीतून) त्यावर पाणी ठिबकतं, तो ते आत ओढतो आणि रात्री नळीत त्याचा बर्फ होतो. इंजिन तापलं की बर्फ वितळतो आणि आवाज जातो. बिघाड मात्र जागच्या जागी असतो.

आवाज चढावर किंवा जोरात अॅक्सिलरेटर दाबल्यावरच येत असेल, तर पहिला संशय चेक व्हॉल्व्हवर, म्हणजे एकाच दिशेने वाट देणाऱ्या झडपेवर. थ्रॉटल उघडला की इंजिनचा व्हॅक्यूम पडतो. साठा राखून ठेवायचं काम या छोट्या प्लॅस्टिकच्या व्हॉल्व्हचं. पार्ट स्वस्त आणि बदलायला सोपा, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

घरी एवढं पाहा. बर्फाच्या किंवा कच्च्या रस्त्यावर, सरळ जाताना, मध्यम वेगात खरखर सुरू झाली की अॅक्सिलरेटर सैल सोडून फोर-हाय (चारही चाकं ओढतात तो गिअर) लावा. आवाज जागीच थांबला तर दोष हबच्या व्हॅक्यूमचा. फोर-हायमध्येही तसाच राहिला आणि लेन बदलताना कमी-जास्त झाला, तर मग बेअरिंगचा विचार करू. कोरड्या रस्त्यावर ही चाचणी नको. वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीवर) येतो. घसरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर पेडलखाली होणारी घरघर एबीएसची असते, तिच्यासाठी येण्याची गरज नाही.

आता आमची तक्रार. रिमोट स्टार्टने ट्रक गरम करायचा, चाळीस मिनिटं हायवेने यायचं आणि काउंटरवर म्हणायचं, “आत्ता येत नाहीये, पण सकाळी नक्की येत होता.” आमचा विश्वास आहे, पण वितळलेला बर्फ गेजवर दिसत नाही. असा ट्रक पार्किंगमध्ये पुन्हा गार होईपर्यंत अर्धा दिवस जातो, तुमचाही आणि आमचाही. म्हणून आदल्या संध्याकाळी ट्रक आमच्या आवारात उघड्यावर लावून जा. ब्लॉक हीटर (इंजिन रात्रभर गरम ठेवणारा हीटर) जोडू नका.

सकाळी थंड इंजिनावरच आम्ही तपासणी करतो. आधी इंजिनकडून येणारा व्हॅक्यूम, मग चेक व्हॉल्व्ह, मग सोलेनॉइड, शेवटी प्रत्येक चाकाचा अॅक्च्युएटर (व्हॅक्यूमने रिंग ओढणारा भाग) हातपंपाने. पंपावर व्हॅक्यूम १५ इंच पाऱ्याच्या वर नेऊन मिनिटभर बघायचं. काटा खाली सरकला तर गळती. चाक उचलून फिरवायचं: व्हॅक्यूम असताना शाफ्ट स्थिर राहायला हवा, सोडल्यावर सोबत फिरायला हवा. आवाज डावीकडून आला म्हणून डावा अॅक्च्युएटर दोषी असं नाही. दोन्ही बाजू एकाच सोलेनॉइडवर आहेत. एका बाजूची गळती दुसरीकडे खरखर करवते. इंटरनेटवरून दोन्ही अॅक्च्युएटर मागवून आणणाऱ्यांना आम्ही आधी थांबवतो ते यासाठीच.

नुसता सोलेनॉइड बदलूनही भागत नाही. नळीत पाणी राहिलं तर पुढच्या थंड रात्री पुन्हा तेच. आम्ही नळ्या चाकापाशी सोडवूनच कॉम्प्रेसरची हवा मारतो. घरी करणार असाल तर ही पायरी चुकवू नका, नाहीतर अॅक्च्युएटरचा पडदा फाटतो. नव्या सोलेनॉइडवर पाणी न पडेल असं झाकणही बघून घ्यावं.

तपासणीचे आम्ही एका तासाचे पैसे घेतो. काम आमच्याकडेच केलंत तर ते बिलातून वजा होतात. हा तास वाचवायला थेट हब-बेअरिंग बदलणारे त्याच्या कितीतरी पट खर्च करतात आणि खरखर तशीच घेऊन परत येतात. दुर्लक्षही परवडत नाही. रिंगचे दात झिजले की हबचेही झिजतात, आणि मग दोन्ही बदलावे लागतात.

तोपर्यंत चालवायचाच असेल तर सोलेनॉइडवरून चाकांकडे जाणारी नळी काढा आणि सोलेनॉइडचं उघडं पडलेलं तोंड बूच घालून बंद करा. दोन्ही हब पूर्ण जोडले जातील, खरखर थांबेल, पेट्रोल किंचित जास्त लागेल. काही आठवडे चालेल.

ट्रक रात्री ठेवताना किल्ली पाकिटात घालून दरवाज्याच्या खाचेत टाका. पाकिटावर तीन गोष्टी लिहा: ट्रक सुरू केल्यापासून आवाज किती मिनिटांत आला, किती वेगाला आला, आणि फोर-हायमध्ये थांबला का.