नाक सोडा, हिरड्या बघा

कुत्र्याचं नाक ओलं म्हणजे तब्येत ठणठणीत आणि कोरडं पडलं की ताप, हा समज कुत्रा पाळणाऱ्या घराघरांत पक्का बसलाय. खरं तर नुकत्याच झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. ताप मोजायचा तो थर्मामीटरने, गुदद्वारातून. त्यातही कुत्र्याचं नेहमीचं तापमानच साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आकडा बघून घाबरून घरच्या डब्यातली पॅरासिटामॉल देऊ नका. कुत्र्याच्या यकृताला आणि लाल पेशींना ती बाधू शकते.

माझं ऐकाल तर वरचा ओठ उचलून हिरडी बघायची सवय लावा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. (काहींची मुळातच काळी असते, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघावी.) बोटाने दाबली की केशवाहिन्यांतलं, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तनळ्यांतलं, रक्त सरकतं आणि ती जागा पांढरी पडते. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परतायला हवा. त्यासाठी हृदयाचा जोरही लागतो आणि नळ्यांत पुरेसं रक्तही. उशीर लागला, तर उष्माघात, अंतर्गत रक्तस्राव किंवा पोटाला पडलेला पीळ, काहीही असू शकतं. तिथे उद्यावर ढकलायचं नाही. रंग वेळेत परततो पण हिरडीच फिकट दिसते, तेव्हा बहुधा लाल पेशी कमी पडलेल्या असतात.

आणि हिरडीवर किंवा पोटाच्या कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसले तर? ठिपका दाबून बघा. दाबूनही फिका होत नसेल तर ते केशवाहिनीबाहेर सांडलेलं रक्त आहे. या नाजूक नळ्यांना बारीकसारीक इजा होतच असतात आणि प्लेटलेट्स ती भोकं बुजवत असतात. त्या घटल्या की ठिपके उमटतात, कधी नाकातून रक्त येतं.

आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय गोचीड तापाचा, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या तापाचा. त्यामागचा एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू १९३५ साली अल्जीरियातल्या कुत्र्यांत प्रथम ओळखला गेला; व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराची अनेक कुत्री याच आजाराने दगावली. हा पठ्ठ्या राहतो कुठे, तर जंतू गिळणाऱ्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशीतच. गिळलेल्या जंतूची पिशवी एरवी पाचक रसांच्या पिशवीशी जुळते आणि जंतू संपतो. एर्लिकिया हे जुळणंच रोखतो आणि त्याच पिशवीत वाढत राहतो. चिडलेली प्रतिकारयंत्रणा मग स्वतःच्याच प्लेटलेट्स मारत सुटते, काही सुजलेल्या प्लीहेत अडकतात.

सुरुवातीचा ताप, मलूलपणा, अन्नावरून उडालेली वासना काही आठवड्यांत आपोआप ओसरू शकते. म्हणूनच ‘नजर लागली होती, काळा दोरा बांधला, उतरली’ असं सांगणारे भेटतात. जंतू मात्र महिनोन्‌महिने आत दबून असतो. प्लेटलेट्स वाढाव्यात म्हणून पाजतात तो पपईच्या पानांचा रसही त्याला मारत नाही. रक्त तपासून डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण चार आठवडे. दोन दिवसांत कुत्रा शेपूट हलवायला लागला तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत.

एकदा बरा झालेल्या कुत्र्यालाही हा ताप पुन्हा होतो. त्यामुळे बोटांच्या बेचक्या, कानांच्या आत, पट्ट्याखाली गोचीड आहे का ते चाचपत राहावं. मादी हजारो अंडी घालते ती अंगावर नव्हे, भिंतीच्या फटींत. तेव्हा कुत्र्याला औषध लावलं तरी फटींचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.