स्कॅनरवरचा त्रास: बाहेरचा गोंगाट की आतला ओव्हरलोड?

११८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा विमानांच्या संभाषणाचा पट्टा. तिथे स्कॅनर, म्हणजे एकामागून एक फ्रिक्वेन्सी चाळणारा रेडिओ, फिरवताना कधी वैमानिकाऐवजी एफएमवरचं गाणं लागतं, कधी नुसतीच खरखर चालू राहते. तक्रार दोन्हींची एकच, इंटरफिअरन्स. सल्लाही बहुतेकदा एकच मिळतो: मोठा अँटेना लावा, अॅम्प्लिफायर जोडा. गाण्याच्या बाबतीत या सल्ल्याने दुखणं वाढतं.

खरखर सहसा बाहेरून येते. एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, चार्जर, सोलर इन्व्हर्टर ही उपकरणं खरोखरच त्या फ्रिक्वेन्सीवर ऊर्जा फेकत असतात आणि स्कॅनर ती इमानाने ऐकवतो. महागडा स्कॅनर घेऊन ती जाणार नाही. स्कॅनर बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. आवाज थांबला तर चोर घरातच आहे. एकेक सर्किट चालू करत गेलं की सापडतो. मग त्याच्या वायरीवर फेराइट (असा गोंगाट अडवणारं कडं) बसवा, अँटेना दूर न्या, नाहीतर सरळ ते उपकरणच बदला.

गाणं मात्र त्या फ्रिक्वेन्सीवर हवेत नसतंच. जवळच्या एफएम मनोऱ्याचा दांडगा सिग्नल आत शिरला की स्कॅनरच्या पहिल्या टप्प्याची क्षमता संपते आणि दोन स्टेशनं मिसळून तिसरंच तयार होतं. स्टेशनं ९२ आणि १०५ वर असतील, तर १०५ ची दुप्पट वजा ९२, बरोबर ११८. हे इंटरमॉड. कधी असं भूत उमटत नाही, फक्त हवे असलेले दुबळे सिग्नल दबून जातात, तो डेसेन्स. यूएसबीवरच्या स्वस्त आरटीएल-एसडीआर डोंगलला (कॉम्प्युटरला जोडायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरला) ही बाधा चटकन होते. त्याचा एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारा भाग, ८ बिटचा; त्यामुळे दांडगा आणि दुबळा सिग्नल एकदम सांभाळायला जेमतेम ५० डीबीची (डेसिबलची) जागा. त्यात गेन (आतलं सिग्नल-वर्धन) शेवटपर्यंत वाढवून ठेवण्याची सवय अनेकांना असतेच.

निवाडा अटेन्युएटर, म्हणजे येणारा सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग, करतो. १० डीबी अटेन्युएशन लावलं की खरा सिग्नल १० डीबीने उतरतो, पण वरच्यासारखं इंटरमॉड जवळपास ३० डीबीने कोसळतं. भूत गायब झालं किंवा दबलेला सिग्नल वर आला, तर दोष आतला. बाहेरचा गोंगाट आणि सिग्नल दोन्ही सारखेच उतरले, तर अटेन्युएटरने काही साधत नाही.

एक पाहुणा या चाचणीला चकवतो: इमेज. साधा रिसीव्हर आपल्या ऑसिलेटरच्या (आतल्या सिग्नल-जनकाच्या) मदतीने हवा तो सिग्नल एका ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे आयएफवर, आणतो; पण ऑसिलेटरच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर असलेलं स्टेशनही तिथेच येऊन पडतं. आयएफ १०.७ मेगाहर्ट्झ आणि ऑसिलेटर खालच्या बाजूला असेल, तर ११८ लावल्यावर आयएफच्या दुप्पट, म्हणजे २१.४ ने खाली असलेलं ९६.६ चं स्टेशनही आत येऊ शकतं. अटेन्युएटर लावल्यावर ते खऱ्या सिग्नलसारखंच १० डीबीने उतरतं. काही स्कॅनरमध्ये त्या फ्रिक्वेन्सीपुरती आयएफ बदलण्याची सोय असते; ती वापरल्यावर गाणं गेलं, तर ती इमेज होती.

इंटरमॉड असो वा इमेज, मूळ एफएममध्ये असेल तर ८८ ते १०८ अडवणारा नॉच फिल्टर कामी येतो. अॅम्प्लिफायर वापरायचाच असेल, तर दांडग्या एफएमच्या परिसरात फिल्टर त्याच्या आधी, अँटेनाच्या बाजूला लावा. नंतर लावलात तर मिसळ अॅम्प्लिफायरमध्येच झालेली असते, आणि ११८ वर उमटलेलं भूत तो फिल्टर अडवणार नाही.