ऑफिसातलं सॉफ्टवेअर घरून उघडायचंय? आधी हे वाचा

भोसरीच्या शेडमधल्या कॉम्प्युटरवर बसवलेलं स्टॉकचं सॉफ्टवेअर कोथरूडला घरी बसून बघता येईल का, असं आमचे बरेच ग्राहक विचारतात. येतं. फक्त आधी एक ठरवा: ते नेमकं कोणी बघायचंय? तुम्ही आणि तुमची दोन-चार माणसं, की कुठलंही गिऱ्हाईक? पुढचं सगळं या एका उत्तरावर ठरतं.

घरून ते आज का उघडत नाही, ते सांगतो. ऑफिसात तुम्ही ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१० असं काहीतरी टाकता. हा पत्ता ऑफिसच्या आतल्यापुरताच असतो. वाड्यात ‘मागच्या चौकातली तिसरी खोली’ म्हटलं की घरच्यांना कळतं, पण पोस्टमनला पेठ आणि घर नंबरच लागतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते जगभरातल्या घराघरांत वापरले जातात. त्यामुळे घरी तोच पत्ता टाकलात, तर फोन तुमच्या घरच्याच वायफायवर शोधत बसतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो फक्त राउटरचा पत्ता. आणि बाहेरून कोणी आलं तर त्याला आतल्या कुठल्या कॉम्प्युटरकडे धाडायचं, हे राउटरला कोणी सांगितलेलंच नसतं.

ते सांगून ठेवणं म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. पद्धत जुनी आहे आणि चालतेही, पण साध्या कनेक्शनवर राउटरचा बाहेरचा पत्ता अधूनमधून बदलतो. मग स्टॅटिक आयपी, म्हणजे कधीच न बदलणारा पत्ता, विकत घ्यावा लागतो किंवा डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा, लावावी लागते. शिवाय आयपीचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे ४३० कोटीच आहेत. ते पुरत नाहीत, म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या कित्येक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. तुमच्या राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ (राउटरचा बाहेरचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांमधला दिसला, तर तुमचंही तसंच आहे. मग राउटरमध्ये कितीही सेटिंग केलं तरी बाहेरून काही उघडणार नाही. यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

आम्हाला खरी काळजी मात्र दुसऱ्याच गोष्टीची वाटते. पोर्ट म्हणजे राउटरवरचा एक नंबर दिलेला दरवाजा. उघडलेलं पोर्ट तुमच्यासाठी उघडतं तसं सगळ्या जगासाठी उघडतं. असे उघडे दरवाजे शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. आमच्याकडे आलेल्या एका ग्राहकाचं रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे लांबून कॉम्प्युटरचा पूर्ण स्क्रीन चालवण्याचं, ३३८९ पोर्ट आधीच्या कोणीतरी थेट उघडून ठेवलं होतं, आणि पासवर्ड होता दुकानाचं नाव आणि १२३. एका सकाळी सगळ्या फाइल्स कुलूपबंद, आणि स्क्रीनवर पैशांची मागणी. बॅकअप होता, पण चार महिन्यांपूर्वीचा, ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हवर. मधल्या चार महिन्यांची बिलं त्यांनी कार्बन कॉपीवरून हाताने पुन्हा भरली. म्हणून ३३८९ आणि डेटाबेसचं (जिथे सॉफ्टवेअरची सगळी माहिती साठते) ३३०६ ही पोर्ट आम्ही कोणालाही थेट उघडून देत नाही. आग्रह केलात तरी नाही.

तुम्हाला आणि तुमच्या माणसांनाच बघायचं असेल, तर वायरगार्ड किंवा टेलस्केल यांपैकी एक प्रोग्रॅम लावा. ऑफिसचा कॉम्प्युटर आणि तुमचा फोन यांच्यात खासगी वाट तयार होते, बाकी कोणाला ती दिसतही नाही. टेलस्केलला तर स्टॅटिक आयपीही लागत नाही. आमच्या बहुतेक ग्राहकांचं काम एवढ्यावर भागतं. गिऱ्हाइकांनाही बघायचं असेल, तर स्वतःचं डोमेन (वेबसाइटचं नाव) घ्या आणि क्लाउडफ्लेअर कंपनीची ‘टनेल’ ही सेवा लावा. यात तुमचाच कॉम्प्युटर आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे राउटरवर एकही पोर्ट उघडावं लागत नाही आणि ‘एचटीटीपीएस’चं कुलूपही मिळतं, म्हणजे वाटेत कोणाला माहिती वाचता येत नाही. सॉफ्टवेअरला लॉगिन मात्र हवंच. एनग्रॉक ही अशीच दुसरी सेवा तासाभराच्या डेमोला उत्तम आहे, रोजच्या धंद्यासाठी आम्ही ते सुचवत नाही.

आणखी एक. शेडमधला कॉम्प्युटर बंद असेल तर घरून काहीच दिसणार नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की कॉम्प्युटरला यूपीएस असतो, पण राउटर आणि फायबरचा डबा तसेच राहतात. तेही यूपीएसवर घ्या. विंडोजचा स्लीप मोड बंद करा आणि वीज परत आल्यावर कॉम्प्युटर आपोआप सुरू होईल, असं बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) सेटिंग करून ठेवा.

आम्हाला बोलवण्याआधी एवढं करून बघा. ऑफिसातल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर उघडतं का? उघडत नसेल तर अडचण इंटरनेटची नाही. एकतर विंडोजचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा पहारेकरी, अडवतोय, नाहीतर सॉफ्टवेअर १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त स्वतःच्याच कॉम्प्युटरपुरतं चालू आहे. आणि बाहेरून उघडतं का हे तपासताना फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू करा. ऑफिसच्याच वायफायवरून बाहेरचा पत्ता टाकला, तर काही राउटर तो आतून उघडू देत नाहीत आणि चालू असलेली गोष्टही बंद वाटते. या दोन तपासण्यांत काय दिसलं ते आणि राउटरवरचा वॅन आयपी कागदावर लिहून ठेवा, फोनवर आम्ही आधी तेच विचारतो.