अद्भुतपट, कादंबरीरूपांतरित : नागपुरातील प्रेक्षकाभिप्राय

कादंबरीवरून घेतलेल्या आणि घरातील लहानथोरांनी एकत्र पाहावा अशा बेताने काढलेल्या अद्भुतपटाविषयी (फँटसी चित्रपटाविषयी) प्रेक्षकांनी बोलून वा लिहून मांडलेली मते. व्यावसायिक समीक्षकाचे परीक्षण या नोंदीत विचारात घेतलेले नाही. नागपुरात अशी मते बहुतांशी इंग्रजी कादंबऱ्यांवरील परदेशी चित्रपटांविषयी आढळतात. मराठीत पुस्तकावरून निघालेला कौटुंबिक चित्रपट म्हटले की श्यामची आई (१९५३) चे नाव पुढे येते. त्यात अद्भुताला जागा नाही.

या अभिप्रायांची परंपरा कोठून धरावी याविषयी मतभेद आहेत. एक पक्ष ती मराठी कादंबरीच्या आरंभापासून धरतो. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची मुक्तामाला (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या. रिसबुडांनी प्रस्तावनेतच आपली बाजू मांडली आहे : आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात मन वेधून घेईल असे फारसे काही नसते, तेच लिहिले तर वाचक रमणार नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते. काशीनाथ बापूजी मराठे यांच्या ‘नावल (म्हणजे कादंबरी) व नाटक’ यांविषयीच्या निबंधात (१८७२) अशा लेखनाची चिकित्सा झाली. वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या लेखात (१९०२) अद्भुत आणि वास्तव हे दोन्ही प्रवाह विचारात घेतले. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती कल्पिल्या आणि त्यांपैकी एकीला मुक्तामालेचे नाव दिले. दुसरा पक्ष हा वारसा मानत नाही. त्याच्या मते, आजचा अद्भुतपट पाहणारे मूल या कादंबऱ्यांपर्यंत कधी पोहोचलेलेच नसते. त्याची पूर्वतयारी आजीच्या गोष्टी, पूर्वी चांदोबासारखी मासिके आणि दूरचित्रवाणीवरील पौराणिक मालिका यांनी केलेली असते. प्रत्यक्ष प्रेक्षक बोलताना तुलनेला कोणती उदाहरणे घेतात हे पाहिले, तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. रिसबुडांचे कारण मात्र दोन्ही पक्षांना उपयोगी पडणारे आहे.

संस्कृत साहित्यशास्त्राचा आधार अनेक अभ्यासक घेतात. भरताच्या नाट्यशास्त्राचा काळ साधारणपणे इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक असा मानतात. त्याच्या सहाव्या अध्यायात अद्भुत रसाचा स्थायिभाव, म्हणजे मुळाशी असलेला भाव, विस्मय हा सांगितला असून दिव्य आणि आनंदज (आनंदातून उपजणारा) असे त्याचे दोन प्रकार केले आहेत. दिव्यजनांचे दर्शन, मनोरथ पुरा होणे, विमान, माया, इंद्रजाल ही त्याची कारणे. डोळे विस्फारणे, एकटक पाहणे, रोमांच, अश्रू, हर्ष आणि साधुवाद हे त्याचे परिणाम. पडद्यावरील उडत्या झाडूंना आणि बोलत्या प्राण्यांना ही यादी जशीच्या तशी लागू पडते, हे खरे. विश्वनाथाच्या साहित्यदर्पण या काव्यशास्त्राच्या ग्रंथात (चौदावे शतक) चमत्कार हा प्रत्येक रसाचे सार असल्याने अद्भुत सर्वत्रच असतो, असे मतही उद्धृत आहे. मात्र हे शास्त्र पुस्तक आधी वाचून आलेल्या प्रेक्षकाचा विचार करत नाही. पुढे काय घडणार हे ज्याला पानोपानी ठाऊक आहे, त्याला विस्मय कशाचा वाटावा, हा प्रश्न रूपांतराने उभा केला.

या प्रश्नाला नागपुरात भाषेमुळे आणखी एक पदर आहे. १९५६ पर्यंत हे शहर मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांच्या मध्य प्रांताची (१९५० पासून मध्य प्रदेशाची) राजधानी होते. प्रांत गेला, तरी चित्रपटवितरणाच्या व्यवहारात ‘सीपी–बेरार’ (मध्य प्रांत व वऱ्हाड) हा विभाग टिकला. विदर्भ त्याच विभागात मोडतो, मुंबई–पुणे वेगळ्या. झाशी राणी चौकाच्या परिसरात विदर्भ साहित्य संघ (स्थापना १९२३, अमरावती) आणि हिंदी साहित्यिकांचे मोर भवन ही दोन्ही ठिकाणे एकमेकांजवळ आहेत. येथे घरात मराठी बोलणारे, शाळेत इंग्रजी शिकणारे आणि टॉकीजमध्ये हिंदी ऐकणारे मूल सहज भेटते. परदेशी चित्रपट हिंदीत ध्वनिरूपांतरित (डब) करून मोठ्या प्रमाणावर दाखवण्याची प्रथा भारतात १९९४ च्या सुमारास, जुरासिक पार्कच्या हिंदी आवृत्तीच्या यशानंतर रुळली, असे सामान्यतः मानतात.

उदाहरण म्हणून हॅरी पॉटर मालिका घेता येईल. सात कादंबऱ्या (१९९७–२००७) आणि आठ चित्रपट (२००१–११) असा तिचा पसारा आहे; शेवटच्या पुस्तकाचे दोन चित्रपट झाले. पहिला चित्रपट भारतात एप्रिल २००२ मध्ये आला. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने या पुस्तकांचे हिंदी व मराठी अनुवाद प्रसिद्ध केले. वाचून आलेल्यांच्या तक्रारी नेमक्या असतात. पीव्ह्ज हा उपद्रवी आत्मा एकाही चित्रपटात नाही. पुस्तकात नायकाचे डोळे हिरवे, पडद्यावर निळे. चौथ्या चित्रपटात (२००५) मुख्याध्यापक डम्बलडोर जो प्रश्न ओरडून विचारतो, तो पुस्तकात शांतपणे विचारलेला आहे. पृष्ठसंख्येचा हिशेबही वारंवार निघतो : पहिल्या पुस्तकाच्या मूळ ब्रिटिश आवृत्तीची पाने २२३, चित्रपट १५२ मिनिटांचा, पाचव्याची पाने ७६६, चित्रपट १३८ मिनिटांचा. ‘पुस्तकात असं नव्हतं’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. ‘मले तं पुस्तकच आवडलं’ हा त्याचा वऱ्हाडी वळणाचा अवतार. न वाचलेल्यांचे मत याच्या अगदी उलट दिशेने जाते. त्यांना वगळलेले काही जाणवत नाही. जाणवते ते तुटलेले, म्हणजे हे पात्र कोण आणि ते एकदम का रडते, हे न समजणे. ‘डोक्यावरून गेला’ हा शेरा त्यांचा. दोन्ही गटांची नाराजी एकाच काटछाटीतून आलेली असते, ही गोष्ट मूळ पुस्तकाशी इमान राखण्यावरच भर देणाऱ्या विवेचनांतून बहुधा निसटते.

हिंदी आवृत्तीविषयीची मते स्वतंत्रपणे पाहावी लागतात. ध्वनिरूपांतरात संवादाची लांबी आणि ओठांची उघडझाप सांभाळावी लागते; प, ब, म यांसारख्या ओष्ठ्य वर्णांच्या जागी ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत. इंग्रजीत क्रियापद वाक्यात लवकर येते, हिंदीत शेवटी. त्यामुळे इंग्रजीत चेहऱ्यावर भाव उमटतो त्या क्षणी हिंदी संवादातला महत्त्वाचा शब्द अजून यायचा असतो. प्रेक्षक हे तांत्रिक कारण सांगत नाही. ‘आवाज बसत नाही’ एवढेच म्हणतो. मोठ्यांना हे खटकते. इंग्रजी उपशीर्षके वाचण्याइतका वेग न आलेल्या मुलाला मात्र हिंदी आवृत्तीशिवाय कथा कळण्याचा मार्ग नसतो. घरात कोणती आवृत्ती पाहायची यावर जो वाद होतो त्यात मुलाच्या बाजूने बोलले पाहिजे, असे या नोंदकाराचे मत आहे. नागपुरातील मताची विभागणी आवडीनिवडीपेक्षा, कथा प्रथम कोणत्या भाषेत आणि कोणत्या रूपात भेटली, यावर अधिक अवलंबून दिसते.

ऋतूचा परिणामही होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. उन्हाळी सुटीतील दुपारचा खेळ हा अनेक कुटुंबांना थंडाव्याचाही आसरा असतो. सदर या वस्तीतील लिबर्टी, स्मृती किंवा वर्धा मार्गावरील पंचशील या चित्रपटगृहांच्या आठवणींत चित्रपटाइतकाच गारवा येतो. पुढे बहुपडदा चित्रपटगृहे आली. त्यांपैकी काही, एम्प्रेस मिलच्या जागेवरील मॉलप्रमाणे, गिरणीच्या जमिनीवर उभी राहिली. तेव्हापासून तिकिटाचा दर हाही अभिप्रायाचा विषय झाला.

पालकांची मते भीतीभोवती फिरतात. अंधारे जंगल, अजस्र कोळी, आईबापांवाचून वाढणारे मूल यांनी धाकटी मुले झोपेत दचकतात, असे पालक सांगतात. चित्रपटाच्या प्रमाणपत्रावरील ‘यूए’ हा वर्ग १९८३ पासून पालकांवर निर्णय सोपवीत आला. २०२४ च्या नियमांनी त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे पोटवर्ग पाडले. पहिल्या पोटवर्गाचा उपयोग प्रामुख्याने अशाच चित्रपटांना होईल.

मुलांची स्वतःची मते क्वचितच छापली जातात. त्यांच्या वतीने मोठेच बोलतात. ज्यांच्यासाठी चित्रपट काढला त्यांचाच शब्द वगळला जावा, ही मोठी उणीव आहे. शाळांच्या हस्तलिखितांत आणि दिवाळी अंकांच्या बालविभागांत तो शोधता येण्याजोगा आहे. अलीकडे घरच्या पडद्यावर एकाच चित्रपटाची भाषा मधेच बदलता येते, त्यामुळे आधी हिंदीत पाहिलेला प्रसंग तेच मूल लगेच इंग्रजीत पुन्हा लावून पाहते.