कॉर्सिकाना–टेक्सार्काना सामना (१९०२)

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील एनिस या गावी रविवार, १५ जून १९०२ रोजी झालेला व्यावसायिक बेसबॉल सामना. टेक्सास लीगमधील या लढतीत कॉर्सिकानाने टेक्सार्कानाला ५१–३ असे हरवले. क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला ५१ धावा किरकोळ वाटतील. पण बेसबॉलमध्ये एखाद्या संघाने दहा धावा केल्या तरी समोरच्या गोलंदाजाची, म्हणजे पिचरची, पिटाई झाली असे समजतात. व्यावसायिक बेसबॉलमधील सर्वांत एकतर्फी निकालांत या सामन्याची गणना होते.

कॉर्सिकाना हे तेलाचे गाव. तिथे १८९४ मध्ये पाण्यासाठी विहीर खोदताना तेल लागले, म्हणून संघाचे नाव ‘ऑइल सिटीज’. पाहुणा संघ ‘कास्केटमेकर्स’, म्हणजे शवपेट्या बनवणारे. त्या दुपारी पेटी कोणासाठी लागणार होती हे वेगळे सांगायला नको. गावातल्या निर्बंधांमुळे कॉर्सिकानात रविवारी बेसबॉल खेळता येत नसे. त्यामुळे सामना उत्तरेकडे सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या एनिसला हलवला गेला. निकालाचे निम्मे गुपित याच स्थलांतरात आहे. एनिसचे मैदान आखूड होते आणि उजव्या बाजूचे कुंपण फारच जवळ. एरवी झेल ठरला असता असा टोला तिथे सहज कुंपणापार जाई आणि होमरन ठरे. अशा फटक्यावर फलंदाज चारही बेस, म्हणजे चौकोनाच्या कोपऱ्यांवरचे थांबे, फिरून निवांत धाव पुरी करतो.

या कुंपणाचा सर्वाधिक फायदा घेतला तो जे जस्टिन क्लार्क या १९ वर्षांच्या कॅनेडियन यष्टिरक्षकाने. बेसबॉलमध्ये त्याला कॅचर म्हणतात. क्लार्क डावखुरा फलंदाज होता, त्यामुळे त्याचे जोरकस फटके आपसूकच उजवीकडे जात. आठ वेळा तो फलंदाजीला आला आणि आठही वेळा त्याने होमरन मारला. संघाच्या खात्यावर एकूण ५३ हिट, म्हणजे फलंदाजाला सुखरूप बेसवर पोहोचवणारे फटके, जमा झाले. हा पराक्रम किती अचाट होता ते समजायला त्या काळचा चेंडू आठवावा लागतो. तो मऊसर असे, एकच चेंडू मळेपर्यंत वापरला जाई, आणि होमरन दुर्मीळ असत. त्याच १९०२ साली अमेरिकेतील सर्वोच्च दर्जाच्या दोन लीगपैकी एक असलेल्या नॅशनल लीगमध्ये संपूर्ण हंगामात सर्वाधिक होमरन काढणाऱ्या खेळाडूच्या नावावर फक्त ६ होते.

टेक्सार्कानाचा पिचर डेविट शेवटपर्यंत मार खात उभा राहिला. त्याला बदलले गेले नाही. संघाच्या मालकीत त्याच्या घरच्यांचा हिस्सा असल्याने त्याला काढायची कोणाची छाती झाली नाही, असे सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ छोटे डाव मिळतात, आणि ज्याला एका डावात सात-आठ धावा पडल्या त्याला पुढचा डाव टाकू देणे म्हणजे कर्णधारपणाची थट्टाच. निकालाची तार पोहोचली तेव्हा दुसऱ्या टोकाला अनेकांना ती चूक वाटली आणि काही वृत्तपत्रांनी क्लार्कचे होमरन आठाऐवजी कमी छापले, अशीही कथा आहे.

मात्र हा निकाल केवळ मैदानामुळे लागला असे म्हणणे कॉर्सिकानावर अन्याय ठरेल. त्याच हंगामात या संघाने सलग २७ सामने जिंकले होते. दोन्ही संघ त्याच कुंपणासमोर खेळले होते, तरी एकाला ५१ आणि दुसऱ्याला ३ धावा मिळाल्या.

क्लार्क पुढे १९०५ मध्ये मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर, पोहोचला आणि मुख्यतः क्लीव्हलँडकडून खेळला. २ ऑक्टोबर १९०८ रोजी अ‍ॅडी जॉसने टाकलेल्या ‘परफेक्ट गेम’मध्ये, म्हणजे एकही फलंदाज पहिल्या बेसवर पोहोचू न दिलेल्या सामन्यात, यष्टीमागे तोच होता. मेजर लीगमधील सुमारे ५०० सामन्यांत मात्र त्याने एकूण ६ होमरन काढले.