आयटी बँड रोलरने 'मोकळा' होत नाही, खरंच

हिल मॅरेथॉन जवळ आली की साताऱ्यात यवतेश्वर घाटात पळणाऱ्यांची गर्दी वाढते, आणि उतरताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ आली की कुणीतरी सांगतंच, आयटी बँड आखडलाय, फोम रोलर (फोमचा जाड गोल दांडा) फिरव, मोकळा होईल.

अहो पण आयटी बँड (इलिओटिबियल बँड) हा स्नायू नाहीच. कमरेच्या हाडापासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालपर्यंत गेलेला जाड चिवट पट्टा आहे तो, आणि मांडीच्या हाडाला पक्का धरलेला, त्यामुळे रोलरने तो लांब वगैरे होत नाही. रोलर मारल्यावर बरं वाटतं ते थोडा वेळ दुखणं कमी जाणवतं म्हणून, एवढंच. पट्टा हाडावर घासतो हा समजही आता जुना झालाय, २००६ च्या एका शरीररचनेच्या अभ्यासात दिसलं की गुडघा साधारण ३० अंशात वाकला की पट्ट्याखालची चरबी दाबली जाते. उतारावर नेमकं हेच पुन्हा पुन्हा होतं. म्हणून दुखऱ्या जागेवरच रोलर दाबणं म्हणजे दाबलेल्याला आणखी दाबणं!

मग करायचं काय, तर थोडे दिवस उतार बंद, किलोमीटर कमी, पावलं छोटी. आणि कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, जरा मागे नेत सावकाश उचलायचा, पायरीवरून एका पायाने हळू उतरायचं, कंबर एका बाजूला पडू न देता. कंटाळवाणं आहे, पण नितंबाच्या बाजूच्या स्नायूंना ताकद यायला काही आठवडे लागतातच.

खुब्याच्या बाहेर दुखत असेल तर पाय आडवा ओढून स्ट्रेच नको, तिथल्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर) दाब वाढतो. गुडघा सुजला, अडकला किंवा रात्रीही ठणकत असेल तर सरळ डॉक्टर गाठा.