देवाचा विषय निघाला की डोकं का फिरतं?

पोटातलं मूल देवाच्या कृपेचं आहे या मेरीच्या सांगण्यावर तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, जोसेफने, विश्वास ठेवला नसता आणि तिला सोडून दिलं असतं, तर येशू एकट्या आईच्या घरात वाढला असता आणि त्याचा स्वभाव वेगळा घडला असता. अशा आशयाची वाक्यं फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कट्टर ख्रिस्ती श्रद्धाळूंपुढे ठेवली होती. वाक्यात शिवी नाही, टिंगल नाही, नुसतं 'समजा' आहे. तरीही ते वाचणारे चिडले. त्याहून गंमत म्हणजे, नंतर विचारल्यावर चर्चच्या कामात अधिक भाग घेण्याची तयारी त्यांनी दाखवली. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. या दुसऱ्या प्रतिक्रियेला टेटलॉकने 'नैतिक शुद्धीकरण' म्हटलं. विटाळ झाला की आंघोळ करावी, तसं. नको ते मनात येऊन गेलं, मग आपण अजून आपल्याच बाजूचे आहोत हे स्वतःला आणि इतरांना दाखवून द्यायचं.

धर्मावरच्या ऑनलाइन वादांकडे या नजरेने पाहिलं की बरंच काही उलगडतं. महाशिवरात्रीला दरवर्षी कोणीतरी लिहितंच : पिंडीवर दूध ओतण्यापेक्षा गरीब मुलांना द्या. गणपतीत लिहितात : मंडपाच्या खर्चात एक शाळा उभी राहील. लिहिणाऱ्याच्या मते हा साधा हिशोब असतो. आणि खाली उत्तर येतं, 'हिंमत असेल तर दुसऱ्या धर्माबद्दल असं लिहून दाखवा.' दुधाबद्दल त्या उत्तरात अवाक्षर नसतं. विचारलेलं असतं ते एवढंच, की तू कोणाचा?

टेटलॉकच्या कामाचा मोठा भाग याच प्रकारच्या हिशोबावर आहे. काही गोष्टी माणसं पवित्र मानतात, म्हणजे त्यांची दुसऱ्या कशाशी अदलाबदल होऊच शकत नाही असं धरून चालतात. त्यांना किंमत लावण्याची सूचनाच अपमानासारखी लागते. किंमत वाढवली तर राग उतरत नाही, वाढतो. जेरेमी गिंगेस, स्कॉट अट्रान आणि सहकाऱ्यांनी हे वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशातल्या ज्यू वसाहतवाल्यांमध्ये आणि पॅलेस्टिनी निर्वासितांमध्ये तपासलं. अभ्यास २००७ चा. ज्यांच्या लेखी जमीन किंवा आपल्या मूळ गावी परतण्याचा हक्क पवित्र होता, त्यांना काल्पनिक तडजोडीसोबत पैशाचंही आमिष दाखवलं तेव्हा त्यांचा संताप आणि हिंसेला पाठिंबा वाढला. समोरच्या बाजूने स्वतःची एखादी पवित्र गोष्ट सोडल्याचं, फक्त प्रतीकात्मक का होईना, सांगितलं तेव्हा तो कमी झाला. व्यवहारी माणसाला हे उफराटं वाटेल. दुधाचा मुद्दा मांडूच नये असं माझं म्हणणं नाही, पण तो मांडणाऱ्याने 'मी फक्त आकडेमोड केली' असा भाबडा चेहरा करू नये.

मेंदूत काय चालतं? जोनास कॅप्लान आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ४० जणांना एमआरआय यंत्रात ठेवून त्यांच्या मतांविरुद्धचे मुद्दे वाचायला दिले. विजेच्या दिव्याचा शोध एडिसनने लावला, अशा मतांवर लोक बऱ्यापैकी हलले. राजकीय मतांवर फारसे हलले नाहीत, आणि तेव्हा मेंदूचा जो भाग आपण स्वतःविषयी विचार करताना कामाला लागतो, तो जास्त जागा झाला. जे अजिबात बधले नाहीत त्यांच्यात भावनांशी निगडित अमिग्डाला आणि इन्सुला हे भागही अधिक सक्रिय होते. मतं धार्मिक नव्हती, माणसं थोडी होती आणि अमिग्डाला पेटला म्हणजे माणूस घाबरलाच असं नसतं. पण दिशा टेटलॉकशी जुळते : एडिसनबद्दलचं मत माणसाच्या खिशात असतं, धर्माबद्दलचं अंगात.

नास्तिकही यातून सुटत नाहीत. फिनलंडमध्ये २०१४ च्या एका प्रयोगात नास्तिकांना 'देवा, माझ्या आईवडिलांचं वाईट कर' अशा छापाची वाक्यं मोठ्याने वाचायला लावली. तोंडाने ते म्हणाले की आम्हाला काही वाटत नाही. तळव्याला सुटणारा घाम मात्र श्रद्धाळूंइतकाच होता.

हे सगळं इंटरनेटच्या आधीपासून आहे. ऑक्टोबर १८५१ मध्ये मुंबईत एका पारशी संपादकाच्या गुजराती मासिकाने प्रेषित मुहंमदांचं चित्र छापलं आणि दंगल उसळली. त्यानंतर सहाच वर्षांनी, त्याच शहरात, विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. श्रोते जमायचे, सवालजवाब व्हायचे. त्याचा वृत्तांत जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने, म्हणजे प्रतिपक्षाने, छापून ठेवला. दोन प्रसंगांवरून सिद्ध काहीच होत नाही. पण वाळूवर समोरासमोर उभं राहण्यात असं काही होतं का, जे छापील पानात नव्हतं?

असावं. हैफा विद्यापीठातल्या नोआम लापिदोत-लेफ्लर आणि अझी बराक यांनी २०१२ साली अनोळखी माणसांच्या ७१ जोड्यांना संगणकावरून एका अवघड प्रश्नावर वाद घालायला लावलं. काहींची नावं लपवली, काहींचा चेहरा, आणि काहींची फक्त नजरानजर होऊ दिली नाही. शिवीगाळ आणि धमक्या वाढवण्यात निनावीपणापेक्षा नजरेला नजर नसणं जास्त कारणीभूत ठरलं. त्यात लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एपली यांच्या २००५ च्या प्रयोगात ईमेल लिहिणाऱ्यांना वाटलं की आपण उपरोधाने बोलतोय की गंभीरपणे, हे ७८ टक्के वेळा कळेल. कळलं ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवण्याहून जरासं बरं.

इथपर्यंत वाचून 'माध्यमच वाईट' म्हणावंसं वाटेल. अलेक्झांडर बोर आणि मिखाएल पीटरसन या डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२२ साली त्यालाच धक्का दिला. अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या पाहण्यांत त्यांना दिसलं की ऑनलाइन राजकीय चर्चेत हिंस्रपणे बोलणारी माणसं प्रत्यक्षातही तशीच बोलतात. मऊ माणसं पडद्यामागे गेली म्हणून राक्षस होतात असं फारसं आढळलं नाही. फरक पोहोचण्याचा आहे. पारावर बडबडणारा चार जणांना ऐकू यायचा, आता चार हजारांना येतो.

मग बाकीच्यांचं काय होतं? विल्यम ब्रेडी, मॉली क्रॉकेट आणि सहकाऱ्यांनी ७,३३१ ट्विटरकरांचे १.२७ कोटी ट्वीट तपासले (२०२१). नैतिक संताप व्यक्त केल्यावर लाइक आणि शेअर जास्त मिळाले, की तो माणूस पुढे आणखी संताप व्यक्त करत होता. आणि या शाबासकीला सगळ्यात जास्त बळी पडले ते मध्यममार्गी गोतावळ्यातले लोक. टोकाचे आधीच टोकावर होते, त्यांना शिकायला फारसं उरलं नव्हतं.

ब्रेडीच्याच गटाने २०२३ मध्ये आणखी एक काम केलं. राजकीय ट्वीट टाकल्यावर लगेचच लिहिणाऱ्याला गाठून विचारलं, तुम्ही किती रागात होता? मग तेच ट्वीट इतरांना दाखवून लिहिणारा किती चिडला असेल हे विचारलं. वाचणाऱ्यांनी राग सातत्याने जास्त धरला. राजकारण समजून घ्यायला जे समाजमाध्यमांवर जास्त वेळ घालवत होते, त्यांचा अंदाज तर आणखीच फुगलेला होता. शिवरात्रीच्या पोस्टखाली उत्तर टंकणारा माणूसही बहुधा याच फुगलेल्या रागाला उत्तर देत असतो, आणि त्याचं उत्तर वाचणारा पुन्हा त्यात आपली भर घालतो.